आपाच्या रांजणातलं पाणी

गल्लीत भोंग्याची रिक्षा शिरली की मी मशीन थांबवते. काय म्हणतात ते ऐकावं म्हणून नाही. वरून भोंगा आणि खालून मशीन असं दोन्ही चालू असलं की शिलाई वाकडी जाती, एवढंच. गेल्या आठवड्यापासून ती रिक्षा पुन्हा फिरू लागलीय. ह्या वेळी निवडणूक कशाची, ते मी कुणाला विचारलंसुद्धा नाही.

आमच्या मंठा गावात हंगाम ओळखायला पंचांग लागत नाही. नाकात सोयाबीनचा भुसा गेला, शिंका सुरू झाल्या, की दिवाळी आली म्हणायचं. बाजाराला आलेल्या बायकांच्या पदराला, वेणीला कापसाचे धागे चिकटलेले दिसले की वेचणी सुरू झाली. आणि पानटपरीच्या डोक्यावर, लायटीच्या खांबावर, शाळेच्या भिंतीवर हात जोडलेली माणसं हसायला लागली की मतं आली. मी सांगते आहे त्या वर्षी हे सगळं एकदमच आलं होतं. भुसा, कापूस, भोंगे. अजूनही भोंगा वाजला की माझ्या नाकात सोयाबीनचा वास येतो.

माझं दुकान म्हणजे गल्लीच्या तोंडाची एक खोली, एक मशीन आणि मी. ब्लाउज, परकर, पिको-फॉल. शाळा चौथीत सुटली. पुढचं वाचन मी ब्लाउजचे नमुने कापायला आणलेल्या रद्दी पेपरांवर शिकले, त्यामुळं मी वाचलेल्या बऱ्याच बातम्यांना गळ्याचा आकार आहे. शेजारची खोली हाजीसाबांची. हाजीसाब किराण्याचे व्यापारी, भला माणूस, दोन्ही खोल्यांचे मालक. ती शेजारची खोली त्यांनी बाजाराच्या दिवसापुरती नसीम आपाला दिली होती. दारावर पाटी होती, महिला समुपदेशन केंद्र. हा समुपदेशन शब्द मला वाचता यायचा, पण म्हणायला गेले की जीभ अडखळायची. आपा म्हणायची, "मावशी, कशाला तरास घेता? समुपदेशन म्हणजे मश्वरा, सल्ला. बस."

वयानं ती माझ्या लेकीएवढी. पण सगळा मंठा तिला आपा म्हणायचा, म्हणून मीही म्हणायची. लहानपणी बापाजवळ बसून कुराण शिकलेली, मोठेपणी जालन्याला खेपा घालून हा समुपदेशनाचा कोर्स केलेला. डोक्यावरची ओढणी कधी ढळली नाही आणि हसणं कधी अडलं नाही. बाजाराचा दिवस तिनं मुद्दाम धरला होता. खेड्यातल्या बाईला एरवी घराबाहेर पडायला कारण लागतं, बाजाराच्या दिवशी ते पिशवीत असतंच. मेथीची जुडी घ्यायची, आपाकडं बसायचं, रडायचं, डोळे पुसून परतीच्या जीपमध्ये चढायचं.

आणि तिच्या ओट्यावर एक रांजण होता.

बाई आली की आपा आधी काही विचारायची नाही. तांब्या भरायची आणि तिच्या हातावर पाणी धरायची. हात धुवा. तोंड धुवा. ओला हात मानेवरून फिरवा. आता खाली बसा. घोटभर प्या. मग बोलावंसं वाटलं तर बोला, नाही वाटलं तर न्हाई. मी एकदा विचारलं, "आपा, ही कोर्समधली रीत काय?"

"कोर्सवाले म्हणतात, श्वासाकडं लक्ष द्या," ती म्हणाली. "आमच्यात सांगून ठेवलंय, राग आला अन् उभा असशील तर बस, बसूनही जात नसंल तर आडवा हो, पाण्यानं हात-तोंड धू. मतलब एकच हाय, मावशी. मला पाणी सोपं पडतं. श्वास म्हणलं की बायका घाबरतात, मला दमा झालाय का म्हणतात."

मी हसले होते. पण मशीनवर बसून दाराच्या फटीतून मी पाहायची ना, त्या पाण्यानं खरंच काहीतरी व्हायचं. सासूशी भांडून तणतणत आलेली बाई ओंजळ पुढं करायची आणि खांदे खाली यायचे. कुणीतरी आपल्या हातावर पाणी घालतंय, ही गोष्टच तिच्या बाबतीत बहुतेक लहानपणानंतर पहिल्यांदा घडत असायची.

धर्म कोणता हे तिथं कुणी विचारत नव्हतं असं मी म्हणणार नाही. विचारायच्या की. आपल्या बायकांना काय, सगळं विचारायचं असतं. पण विचारून झालं की बसायच्या. एकदा आपाच्याच समाजातली एक पोरगी आली, नवरा मारायचा. तिच्या घरच्यांनी तिला सांगितलेलं, बाईला सुटायचा हक्कच नाही. आपानं तिच्या भावांना बोलावून घेतलं, समोर बसवलं, पाणी दिलं आणि शांतपणे कुराण उघडून दाखवलं की हक्क आहे, त्याला खुला म्हणतात, आणि तो तिला देवानंच दिलाय. भाऊ माना खाली घालून गेले. त्याच वर्षी सभेत कुणी ना कुणी मुसलमान बायकांचा कैवार घेऊन ओरडायचं, कुणी मुसलमान बायकांच्या इज्जतीचं नाव घेऊन ओरडायचं. ती पोरगी कुठं राहती हे त्यातल्या एकालाही ठाऊक नव्हतं. आपाला ठाऊक होतं, पण आपा सांगायची नाही. मलाही नाही. "ज्यानं सल्ला मागितला, त्याची गोष्ट सल्ला देणाऱ्याकडं अमानत असती, ठेव असती," एवढंच म्हणायची. हेही कोर्समध्ये होतं म्हणे आणि तिच्या दीनमध्ये, धर्मातही.

वर्षा तिथं आली ती गयाबाईच्या हाताला धरून. गयाबाई तिची सासू, वाटूरच्या बाजूच्या एका खेड्यातली. सासू सुनेला घेऊन येती म्हटल्यावर मी कान टवकारले, भांडण असणार. पण गयाबाईच रडत होती. वर्षाला पहिली मुलगी झाली आणि बारशाच्या आधीच गेली. पाळणा बांधायचा राहिला, कानात नाव सांगायचं राहिलं. गावाच्या रीतीनं नाव नसलेल्या लेकराचं काही करत नाहीत, बोलतही नाहीत. वर्षा त्या दिवसापासून गप्प झाली. जेवायची, भाकरी थापायची, कापूस वेचायची, पण तोंडातून शब्द नाही.

"डॉक्टर झाले, दर्ग्यावर जाऊन आले, माळकऱ्याला दाखवलं," गयाबाई म्हणाली. "कोणी म्हणलं मंठ्याला आपा हाय. मंग आले."

आपानं वर्षाच्या हातावर पाणी धरलं. पहिल्या खेपेला तेवढंच झालं. दुसऱ्या खेपेलाही. नंतरच्या एका बाजाराला ती पाणी पिऊन म्हणाली, "गार हाय." गयाबाई दारात बसली होती, ती पदर तोंडात धरून रडायला लागली. मग हळूहळू एक-दोन शब्द. उनाचं, बसचं, शेळीचं. आपा घाई करायची नाही. शेजारी मी मशीनवर, पण पाय हलायचे नाहीत माझे.

एका बाजाराला आपानं विचारलं, "वर्षा, आमच्यात असं गेलेल्या लेकराला पण नाव देतात. ते लेकरूच असतं ना. तू काय नाव ठेवणार होतीस?"

बाहेर भेळवाला ओरडून गेला. वर्षा म्हणाली, "ठरवलं होतं म्या. कोणालाच सांगितलं न्हाई. ह्यांना बी न्हाई."

"मला सांगशील?"

"पुढच्या बाजाराला सांगते." मग म्हणाली, "घरून आंघोळ करून येते. तवा सांगते."

आपा बाहेर आली तेव्हा तिचे डोळे भरले होते. मला काही बोलली नाही, अमानत. मीही फटीतून ऐकलं हे बोलले नाही. पण त्या दिवशी आपानं आणि मी माझ्या दुकानात चहा घेतला, तेव्हा आम्हा दोघींनाही ठाऊक होतं की पुढच्या बाजाराला काय व्हायचंय. एका लेकराचं बारसं व्हायचं होतं. लेकरू नाही, पाळणा नाही, घुगऱ्या नाहीत, तरी बारसं.

पुढचा बाजार आलाच नाही. म्हणजे भाजीपाल्याचा आला, तो येतोच.

झालं असं की गयाबाईचा जीव भरून आला होता. सून बोलायला लागली, घरात माणसाचा आवाज आला. ही सगळी त्या रांजणातल्या पाण्याची करामत, असं तिनं मनात धरलं. तुम्हाला सांगते, ह्यात तिचं काही वेगळं नव्हतं. आमच्या ह्या भागात पिढ्यान्‌पिढ्या असंच चालत आलंय. लेकरू किरकिर करायला लागलं की दर्ग्यावर न्यायचं, तिथले बाबा पाणी फुंकून देतात, ते पाजायचं. जात-धर्म कोण पाहतं त्यात. आपाचं पाणीही तसंच फुंकलेलं असणार, असं गयाबाई धरून चालली. आपाला न विचारता तिनं रांजणातलं पाणी एका कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून नेलं आणि गावात वाटलं. कुणाची गुडघेदुखी, कुणाच्या म्हशीचं दूध आटलेलं. घोट-घोट सगळ्यांना.

आपाला हे कळलं असतं तर ती आधी हसली असती आणि मग रागावली असती. फुंकण्यावर तिचा बिलकुल विश्वास नव्हता. पाणी पाणीच आहे, बरं करणारा वर आहे, आणि बाकीचं काम बोलण्यानं होतं, असं ती आपल्याच लोकांना सांगून दमायची. तिच्या समाजातली काही माणसं त्यामुळंच तिच्यावर नाराज असायची.

गयाबाईचा पुतण्या प्रचारात होता. कोणाच्या, ते सांगत नाही, त्यानं काही बदलत नाही. त्यानं मोबाइल धरला आणि विचारलं, "काकू, काय वाटू राह्यल्या?" गयाबाई बाटली वर करून, चांगला पदर सावरून म्हणाली, "आपाचं फुंकलेलं पाणी हाय हे. मंठ्याची मुसलमानीण हाय, लई गुणाची. माझी सून मुकी झाल्ती, ह्या पाण्यानं बोलायला लागली. तिथं आधी हात-तोंड धुवायला लावतात, मंग पाजतात."

झालं. एवढंच. एक बाई मनापासून दुसऱ्या बाईचे उपकार सांगत होती. पोरानं आधी गंमत म्हणून चार जणांना पाठवलं असेल. पण हंगाम मतांचा. वर मोठ्या अक्षरांत लिहून आलं की आपल्या सुनांना काय पाजलं जातंय बघा, हात-पाय धुवायला लावून काय करून घेतलं जातंय बघा. सांजेपर्यंत ते माझ्या मोबाइलवर आलं, माझ्याच भाचीनं पाठवलं, खाली लिहून, मावशी, तुझ्या शेजारचंच ना हे? पारावर, जीपमध्ये, पिठाच्या गिरणीवर, सगळीकडं गयाबाईचा आवाज. बाई बोलत होती आभाराचं आणि लोक ऐकत होते धर्म बुडाल्याचं.

सभेत एकानं ते सांगितलं तेव्हा मी कापड आणायला गेले होते, रस्त्यावरच उभी राहिले. इस्लाम हा शब्द त्या हंगामात मी भोंग्यातून जितक्यांदा ऐकला, तितका आपाच्या खोलीत इतक्या दिवसांत ऐकला नव्हता. खोलीत तो शब्द कुणी घ्यायचं नाही, फक्त त्याचं काम चालायचं. पाणी घालणं, खाली बसवणं, ऐकलेलं पोटात ठेवणं. बाहेर त्याचं काम कुणालाच नको होतं, शब्द मात्र सगळ्यांना हवा होता. एका बाजूला भ्यायला, दुसऱ्या बाजूला गोळा व्हायला.

दुसरी बाजूही आली की. हाजीसाब स्वतः आले, टोपी सारखी करत. त्यांना पाठवलं होतं कुणीतरी. "आपा, ये कौम का मामला हो गया अब," ते म्हणाले. "तुम्ही फकत स्टेजवर येऊन बसा. बोलू नका पाहिजे तर. आपल्या बायका तुमचं ऐकतात. एवढंच म्हणा की सगळ्या बाहेर पडा अन् एक राहा. हे दीनचंच काम हाय."

आपानं त्यांनाही पाणी दिलं. म्हणाली, "हाजीसाब, रडायला आलेल्या बाईला मी मत मागू? मंग ती पुढच्या खेपेला रडंल का माझ्यासमोर?"

"मग निदान उत्तर तरी द्या. तुमची बदनामी होऊन राह्यली. एक व्हिडिओ करा, सांगा का मी फुंकत न्हाई म्हणून."

मीही तेच म्हणाले होते तिला. सांगून टाक ना ग, साधं पाणी आहे, नळाचं. आपा म्हणाली, "मावशी, साधं पाणी हाय म्हणलं की गयाबाई खोटी पडती. मंग लोक विचारतील, वर्षा बोलायला कशानं लागली? ते सांगायचं तर तिचं दुःख सांगावं लागंल, तिच्या लेकराचं सांगावं लागंल. ते माझं हाय का सांगायला?"

आपल्या अंगावरची चिखलफेक पुसायची तर दुसरीचा पदर ओढावा लागणार होता. ती गप्प राहिली. आणि गप्प राहिली म्हणून दोन्हीकडच्यांनी तिला दोषी धरलं. हे म्हणाले, काही केलं नसतं तर बोलली असती. ते म्हणाले, कौमच्या वेळेला तोंड मिटून बसली.

हाजीसाबांनी खोली मागून घेतली. बोलताना त्यांचा आवाज पडला होता, हेही सांगायला पाहिजे. "माझ्यावर दबाव हाय," म्हणाले. दोन दिवसांत त्या खोलीत प्रचाराचं कार्यालय झालं. सतरंजी तीच, वर माणसं वेगळी. नाष्ट्याचे पोहे, झेंड्यांचे गठ्ठे, चोवीस तास चालू असलेला टीव्ही. रांजण ओट्यावरच होता, त्यात हात बुडवून पोरं पान थुंकलेलं तोंड धुवायची.

बाजाराच्या दिवशी बायका यायच्या, पाटी नाही बघून माझ्या दारात उभ्या राहायच्या. मी म्हणायची, सध्या बंद आहे, निवडणुका होऊ द्या. वर्षानं नाव सांगायच्या त्या बाजाराला तिची वाट मी सकाळपासून पाहिली. वाटूरकडून येणाऱ्या प्रत्येक जीपला उठून पाहिलं. आली ती एकटी गयाबाई, तोंडावर पदर ओढून, ओळखू येऊ नये म्हणून मागच्या बोळातून.

"अक्का, म्या काय वाईट बोलले?" खाली बसायच्या आधीच तिनं विचारलं. "म्या तर चांगलंच बोलले ना तिचं. गुणाची म्हणले. ह्यात काय वाईट हाय?"

"काही नाही ग. बस."

"पोरगं म्हणतं सुनंला बाहेर सोडायची न्हाई. गावात तोंड दाखवायला जागा न्हाई म्हणतं. ती सकाळी आंघोळ करून तयार झाल्ती, अक्का. नवं लुगडं नेसून दारात बसली. दारातच बसून राह्यली. जेवली बी न्हाई."

"बोलती का?"

गयाबाईनं नाही म्हणून मान हलवली. मग म्हणाली, "आपाला सांगा, म्या चांगलंच बोलले होते." एवढं सांगून ती बोळातून निघून गेली.

निकाल लागला. गुलाल उडाला, माझ्या दुकानातली पांढरी कापडं गुलाबी झाली. जो आला तो आला. गंमत बघा, निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून त्या पाण्याचं कुणी नाव काढलं नाही. पुतण्या माझ्याकडं शर्टाचं बटण लावायला आला, मावशी-मावशी करत बोलला. त्याला ते आठवतही नव्हतं, म्हणजे त्यानं काही वाईट केलं असं त्याला वाटतच नव्हतं. लोकांचं विसरून झालं. विसरलं नाही ते फक्त ज्यांच्या घरात घडलं त्यांनी.

आपा आता घरी लहान मुलांची शिकवणी घेते. पूर्वीचं हसणं आहे, पण ते आता ओठांपर्यंतच येतं. मी म्हटलं, माझ्या दुकानात बस ना, मशीन मागं सरकवते. ती म्हणाली, "मावशी, तुमच्या दुकानाला तरास नको. अन् मला भीती वाटती आता. कोणी माझ्यासमोर रडायला लागलं की मी आधी बघते, कुठं मोबाइल तर न्हाई." जी बाई दुसऱ्याची भीती काढायची तिच्याच आत ती भीती जाऊन बसली. ह्यावर तिच्या कोर्समध्ये काय आहे, दीनमध्ये काय आहे, मी विचारलं नाही. तिनं स्वतःला विचारलं असेलच.

आम्हा म्हाताऱ्यांना पोरं म्हणतात, पूर्वी सगळं चांगलं होतं असं तुम्ही उगाच धरून बसता. तसं नाही. पूर्वीही भांडणं होती, पूर्वीही भ्यायचो एकमेकांना. पण बाईच्या दुःखाला पक्ष नव्हता. ती कोणाही समोर रडू शकायची. आता रडायच्या आधी समोरची कोण आहे ते तिला ठरवावं लागतं, आणि समोरच्या बाईलाही ठरवावं लागतं. इतकं ठरवून कुणाला रडू येतं?

परवाची गोष्ट. जालन्याला डोळे दाखवायला निघाले होते, वाटूर फाट्यावर बस बदलायला उतरले. सभेला निघालेल्या जीपा उभ्या होत्या, बायका दाटीवाटीनं भरलेल्या, सगळ्यांच्या गळ्यात एकाच रंगाची नवी उपरणी. एका जीपच्या कडेला वर्षा बसली होती. मीच ओळखलं. जवळ गेले, गुडघ्यावर हात ठेवला.

"वर्षा, कुठं निघालीस ग?"

"सभेला. घरातल्या सगळ्यायला बसवलं." आवाज चांगला होता, मोकळा होता. म्हणजे बोलते तर ती. माझा जीव भांड्यात पडला. तब्येत, पाऊस, गयाबाईचे गुडघे, सगळं विचारून झालं. ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागला. मग राहवलं नाही मला, कानाजवळ वाकून विचारलं, "त्या वेळी नाव सांगायचं राहिलं होतं बघ तुझं. लेकीचं."

ती आठवायला लागली, खरंच आठवत होती, कपाळाला आठी पडली. मग उपरण्याचं टोक नीट करत म्हणाली, "न्हाई आठवत आता, मावशी. होतं काहीतरी."

जीप गेली. माझी बस आली, गेली, मी चढले नाही. दुसरीनं गेले.

आपा मला अजून विचारती. शिकवणी सुटल्यावर कधी दुकानात आली की इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर, दोरा सुईत ओवून देता देता, माझ्याकडं न बघता विचारती, "मावशी, वर्षा भेटली का कधी?"

मी म्हणते, न्हाई.